पुढाऱ्यांची छबी : काचेच्या प्लेटपासून वृत्तपत्राच्या पानापर्यंत

लोकमान्य टिळक म्हटले की पगडी, खांद्यावरचे उपरणे, भरघोस मिशा आणि करारी नजर असा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो. टिळकांचे निधन होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही त्यांचा चेहरा महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ओळखता येतो. ही ओळख मुख्यतः विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत काढलेल्या आणि छापलेल्या छायाचित्रांनी घडविली आहे. त्याच काळात विदर्भातील गावोगावी चळवळीत उतरलेल्या शेकडो कार्यकर्त्यांची नावे कागदोपत्री सापडतात. चेहरे मात्र सापडत नाहीत.

हा फरक केवळ कर्तृत्वाचा नव्हता. एखाद्या व्यक्तीचा चेहरा वृत्तपत्रात येण्यासाठी जवळपास छायाचित्रकार असावा लागे, छायाचित्रावरून छपाईचा ठसा तयार करणारा कारखाना असावा लागे आणि तो खर्च पेलणारे नियतकालिक असावे लागे. या तीन गोष्टी मुंबई, पुणे, कलकत्ता अशा शहरांत एकवटल्या होत्या. यवतमाळसारख्या जिल्ह्याची सार्वजनिक स्मृती त्यामुळे बरीचशी बिनचेहऱ्याची राहिली. १९३० च्या जंगल सत्याग्रहाला २०३० मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतील. त्या निमित्ताने जुनी छायाचित्रे शोधू पाहणाऱ्यांना ती कशी तयार होत, कशी छापली जात आणि आज कशी ओळखावीत याची माहिती उपयोगी पडावी.

छायाचित्रापूर्वीची छबी

मुंबईत छायाचित्रणाची कला लवकर आली. १८५४ मध्येच तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ या कलेत रमले. मात्र काढलेले छायाचित्र वर्तमानपत्रात छापण्याची सोय पुढची कित्येक वर्षे नव्हती. ‘केसरी’ १८८१ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची पाने मजकुराने भरलेली असत. पुढाऱ्याची छबी हवी असल्यास चित्रकार ती दगडावर रेखाटत असे आणि शिळाप्रेसवर तिच्या प्रती निघत.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या चित्रशाळेने हे काम मोठ्या प्रमाणावर केले. देवादिकांच्या आणि ऐतिहासिक पुरुषांच्या तसबिरी तेथून घरोघरी गेल्या. भिंतीवर देवाशेजारी राष्ट्रपुरुषाची तसबीर लावण्याची मराठी घरांतील चाल या छपाईमुळे रुजली. १८९४ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीला गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने या चालीला अधिक बळ दिले. वृत्तपत्रांतील छायाचित्रे आली तेव्हा छबी घरात ठेवणारा वाचक असा आधीच तयार झालेला होता.

काचेच्या प्लेटचा काळ

१८५१ पासून प्रचारात असलेल्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच छायाचित्र काढावे लागे आणि लगेच धुवावे लागे. छायाचित्रकाराला डार्करूम सोबत घेऊन हिंडावे लागे. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनची कोरडी प्लेट सुचविली. ती कारखान्यात तयार होऊ लागल्यावर हे ओझे गेले. प्लेटचे खोके विकत घ्यावे, छायाचित्र काढावे आणि सवडीने धुवावे, असे शक्य झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातील बहुतेक स्टुडिओ याच कोरड्या प्लेटवर चालत.

तेव्हाचा स्टुडिओ दिवसाच्या उजेडावर अवलंबून असे. छताला किंवा एका बाजूच्या भिंतीला काचेची तावदाने बसवीत आणि पांढऱ्या पडद्यांनी उजेड हवा तसा वळवीत. मागे रंगविलेला पडदा, बाजूला कोरीव खुर्ची, लहानसे टेबल आणि त्यावर एखादे पुस्तक ही मांडणी ठरलेली. बसणाऱ्याला काही क्षण निश्चल राहावे लागे. जुन्या छायाचित्रांतील माणसे हसत नाहीत, याला हा निश्चलपणा काही अंशी कारण आहे. दुसरे कारण शिष्टाचाराचे. छायाचित्र काढणे हा आयुष्यात मोजक्या वेळी येणारा गंभीर प्रसंग मानला जाई.

घरात किंवा रात्रीच्या सभेत छायाचित्र काढण्यासाठी मॅग्नेशियमची पूड पेटवीत. १८८७ मध्ये जर्मनीत निघालेल्या या युक्तीने लख्ख उजेड पडे. पण पाठोपाठ दाट पांढरा धूर पसरे. एकदा पूड पेटविली की दुसरे छायाचित्र लगेच घेता येत नसे. काचेच्या बंद दिव्यात होणारा लखलखाट १९२९-३० च्या सुमारास बाजारात आला, तोपर्यंत हीच रीत होती. त्यामुळे त्या काळातील सभांची बहुतेक छायाचित्रे दिवसाची आहेत आणि त्यांत वक्ता बोलता बोलता क्षणभर थांबलेला दिसतो.

या कलेविषयी लोकांत भीतीही होती. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी उमेदीच्या काळात गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला. पुढे बडोद्यात हा व्यवसाय चालला नाही, कारण कॅमेरा शरीरातील शक्ती शोषून घेतो असा समज तेथे पसरला होता, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढारी मंडळींनी छायाचित्रासाठी उघडपणे बसणे हेही या समजावर एक उत्तर होते.

ब्लॉक म्हणजे काय?

छायाचित्र आणि वृत्तपत्र यांना जोडणारा खरा दुवा म्हणजे ‘ब्लॉक’. छापखान्यात खिळ्याला एकतर शाई लागते किंवा लागत नाही. करडा रंग छापण्याची सोय त्यात नाही. छायाचित्रात मात्र काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अनेक छटा असतात. या अडचणीवर उपाय निघाला तो बारीक ठिपक्यांचा. काचेवर आडव्या-उभ्या रेषा कोरलेली जाळी कॅमेऱ्यात प्लेटच्या पुढे धरून मूळ छायाचित्राचे पुन्हा छायाचित्र घ्यायचे. त्यामुळे प्रत्येक छटेचे लहान-मोठ्या ठिपक्यांत रूपांतर होते. गडद भागात ठिपके मोठे आणि एकमेकांना चिकटलेले, उजळ भागात लहान आणि विरळ. दुरून पाहिल्यावर डोळ्याला ते करड्या छटांसारखे भासतात. यालाच ‘हाफटोन’ म्हणतात.

ही ठिपक्यांची प्रतिमा जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवीत आणि आम्लाने ठिपक्यांमधला भाग खाऊन टाकीत. उरलेला उंच भाग शाई घेई. हा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून त्याची उंची खिळ्यांच्या उंचीइतकी, म्हणजे सुमारे २३ मिलिमीटर, करीत. मग जुळारी तो मजकुराच्या खिळ्यांबरोबर चौकटीत बसवीत असे. वृत्तपत्राच्या खरबरीत कागदासाठी एका इंचात साधारण ५५ ते ८५ रेषांची जाळी वापरीत. गुळगुळीत आर्ट पेपरसाठी १२० ते १५० रेषांची. जाळी जितकी बारीक तितके चित्र स्पष्ट. दैनिकातील छबी ढोबळ आणि मासिकातील छबी नितळ दिसे, ती याच कारणाने.

न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ने ४ मार्च १८८० रोजी असे चित्र छापले. जर्मनीत गेओर्ग मायझेनबाख यांनी १८८२ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. लंडनचा ‘डेली मिरर’ १९०४ पासून छायाचित्रांवर चालणारे दैनिक झाला. भारतात कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १८९५ मध्ये ब्लॉकचा व्यवसाय सुरू केला आणि हाफटोनच्या तंत्रावर स्वतंत्र संशोधन केले. आपल्याकडे फाळके हेही चित्रपटापूर्वी ब्लॉक आणि रंगीत छपाईच्या धंद्यात होते.

ब्लॉक ही खर्चाची वस्तू असल्याने तो एकदा वापरून टाकून देत नसत. छापखान्याच्या कपाटात पुढाऱ्यांचे ब्लॉक नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले असत. व्याख्यान, अटक, सत्कार, मृत्यू अशा कोणत्याही बातमीला तोच ब्लॉक पुन्हा निघे. एका नियतकालिकाचा ब्लॉक दुसऱ्याने उसना घेण्याचीही पद्धत होती. एकच छबी वर्षानुवर्षे वाचकांपुढे येत राहिल्याने ती मनात पक्की झाली. अर्थात, ज्यांचा ब्लॉक एकदाही झाला नाही त्यांना या पुनरावृत्तीचा लाभ कधीच मिळाला नाही.

सचित्र नियतकालिकांचे योगदान

मराठीत छायाचित्रांची खरी आवड लावली ती मासिकांनी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने (स्थापना १८९५) १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. १९१० मध्ये पुण्याच्या चित्रशाळेतून ‘चित्रमय जगत्’ हे मासिक निघाले. नावाप्रमाणेच चित्रे हे त्याचे वैशिष्ट्य होते. देशातील पुढारी, परदेशातील घडामोडी, संस्थांचे समारंभ यांची छायाचित्रे त्यातून मराठी वाचकांना पाहायला मिळाली. मुंबई-पुण्यापासून दूर राहणाऱ्या वकील, शिक्षक आणि सरकारी नोकरांच्या घरी टपालाने येणारे असे अंक हीच बाहेरच्या जगाची खिडकी होती. अंकातील चित्र कापून, चौकटीत बसवून भिंतीवर लावण्याची प्रथाही याच काळातील.

टिळकांची छायाचित्रे : तीन प्रसंग

या काळात छायाचित्राने कोणते काम केले हे टिळकांच्या चरित्रातील तीन प्रसंगांवरून समजते.

पहिला प्रसंग डिसेंबर १९०७ मधील सुरत काँग्रेसचा. जहाल आणि मवाळ यांच्यात तेथे फूट पडली. त्या वेळी जहाल गटाच्या मंडळींचे काढलेले समूह छायाचित्र आजही इतिहासाच्या पुस्तकांत छापले जाते. त्यात टिळक, अरविंद घोष, सरदार अजितसिंग, अश्विनीकुमार दत्त आणि सय्यद हैदर रझा यांच्याबरोबर विदर्भातील दोन व्यक्ती दिसतात : अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे. कोण कोठे बसले वा उभे आहे, हे रांगेनुसार नोंदले गेल्यामुळेच आज प्रत्येक चेहऱ्याला नाव आहे. अरविंद अध्यक्षस्थानी आणि टिळक उभे राहून बोलत असल्याचे सभेचे छायाचित्रही प्रसिद्ध आहे.

दुसरा प्रसंग १९०८ मधील राजद्रोहाच्या खटल्याचा. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेण्यात आले. जून १९१४ मध्ये ते सुटले. या सहा वर्षांत पुढारी लोकांच्या नजरेआड होता. त्याची आधीची छबी मात्र घराघरांत होती. तुरुंगातील माणसाला लोकांसमोर ठेवण्याचे काम जुन्या छायाचित्रांनी केले.

तिसरा प्रसंग मृत्यूचा. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईतील सरदारगृहात टिळकांचे निधन झाले. अंत्यदर्शनासाठी त्यांचा देह बसलेल्या स्थितीत ठेवला होता. त्याचे छायाचित्र सर्वत्र पसरले. ज्यांना मुंबईला पोहोचणे शक्य नव्हते अशा लाखो लोकांना या छायाचित्राने अंत्यदर्शन घडविले.

बातमीसाठी छायाचित्र

पुढाऱ्याची ठेवणीतली छबी आणि ताज्या घटनेतील छबी यांतील अंतर हळूहळू कमी झाले. मुंबईत स्टुडिओ चालविणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चलच्चित्र घेतले. भारतीयाने घेतलेला हा पहिला वार्तापट मानला जातो.

मुंबईचे नारायण विनायक वीरकर यांनी पुढाऱ्यांच्या छायाचित्रांबरोबरच बातमीचे छायाचित्र हाच आपला विषय केला. १९१९ च्या हत्याकांडानंतर जालियनवाला बागेत जाऊन त्यांनी घेतलेल्या छायाचित्रांत भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा दाखविणारी माणसे दिसतात. ती छायाचित्रे आज पुराव्याच्या मोलाची ठरली आहेत.

छायाचित्राची ताकद क्रांतिकारकांनीही ओळखली होती. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब फेकण्यापूर्वी काही दिवस भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीतील काश्मिरी गेट भागातल्या एका स्टुडिओत छायाचित्रे काढून घेतली. घटनेनंतर ती वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. भगतसिंगांची हॅट घातलेली सर्वपरिचित छबी ती हीच. अटकेनंतर आपला चेहरा लोकांपर्यंत कसा पोहोचावा, याची तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली होती.

परदेशात हे काम व्यापारी पद्धतीने चाले. न्यूयॉर्कच्या जॉर्ज ग्रँथम बेन यांनी १८९८ मध्ये वृत्तछायाचित्रे पुरविणारी संस्था सुरू केली. राजकारणी, खेळाडू, नट आणि परदेशी पाहुणे यांची छायाचित्रे काढून किंवा मिळवून ती अनेक वृत्तपत्रांना विकली जात. प्रत्येक काचेच्या निगेटिव्हवरच व्यक्तीचे नाव हाताने लिहिलेले असे. सुमारे ४० हजार काचेच्या निगेटिव्हचा हा संग्रह आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तुलनेसाठी हे उदाहरण महत्त्वाचे आहे. ती छायाचित्रे टिकली, कारण ती एका ठिकाणी होती. ती उपयोगी पडली, कारण त्यांवर नावे होती.

यवतमाळ जिल्ह्याचे चित्र

१९०३ मध्ये वऱ्हाड प्रांत मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये जुन्या वणी जिल्ह्याची पुनर्रचना होऊन त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. दारव्हा आणि पुसद हे तालुके त्याला जोडले गेले. कापसाच्या व्यापारासाठी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद मार्गाची रेल्वे आली. पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली गेलेली ही गाडी आता बंद आहे. कापूस बाहेर नेणाऱ्या या मार्गाने जिल्हा मुंबईशी जोडला गेला. परंतु छपाईची आणि ब्लॉकची साधने मोठ्या शहरांतच राहिली.

या जिल्ह्याचे सर्वांत ख्यातनाम सार्वजनिक पुरुष म्हणजे लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. यवतमाळात त्यांनी वकिली केली आणि टिळकांचे अनुयायी म्हणून वऱ्हाडात राजकीय कार्य उभे केले. १९१८ च्या सुमारास त्यांनी यवतमाळातून ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले. हे नाव टिळकांनी सुचविले होते, असे सांगितले जाते. मजकूर हेच अशा जिल्हा साप्ताहिकांचे बळ होते. चार पानांच्या, मोजक्या वर्गणीदारांवर चालणाऱ्या पत्राला प्रत्येक बातमीसाठी मुंबईहून किंवा पुण्याहून ब्लॉक करून आणणे परवडणारे नव्हते.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाड-मध्य प्रांतात जंगलाचे कायदे मोडण्याचा मार्ग निवडण्यात आला. १० जुलै १९३० रोजी बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला आणि त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनीही यवतमाळजवळ जंगल सत्याग्रहात भाग घेतला आणि अकोल्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली. त्यानंतर गावोगावचे शेतकरी, विद्यार्थी आणि व्यापारी सत्याग्रहात उतरले.

त्याच वर्षी गांधीजींच्या दांडी यात्रेची छायाचित्रे जगभर गेली. अहमदाबाद आणि मुंबई जवळ असल्याने छायाचित्रकार यात्रेबरोबर चालत होते, चित्रपट कंपन्यांचे कॅमेरेही होते. पुसदच्या जंगलात पावसाळ्यात, दिवसेंदिवस चाललेल्या सत्याग्रहाच्या वाट्याला असे साक्षीदार आले नाहीत. कायदा दोन्हीकडे मोडला, तुरुंग दोन्हीकडे भोगला. पण एकाची छबी पाठ्यपुस्तकांत गेली आणि दुसऱ्याची नोंद गॅझेटियरमधील परिच्छेदापुरती राहिली.

अणे यांच्या स्वतःच्या बाबतीतही हा फरक जाणवतो. जुलै १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांनी पुण्याच्या परिषदेचे नेतृत्व केले. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी राजीनामा दिला. पुढे ते श्रीलंकेत भारताचे प्रतिनिधी आणि १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल होते. पुणे, दिल्ली, कोलंबो, पाटणा या प्रत्येक ठिकाणी ते वृत्तछायाचित्रकारांच्या टप्प्यात आले. त्यांच्याबरोबर यवतमाळात काम करणाऱ्या सहकाऱ्यांना ही संधी नव्हती.

याच अणे यांनी टिळकांचे चरित्र ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या संस्कृत महाकाव्यात लिहून ठेवले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९७३ मध्ये या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या नेत्याची शब्दचित्रे जपणाऱ्या या पिढीच्या स्वतःच्या छबी जपण्याची जबाबदारी आता पुढच्या पिढ्यांवर आहे.

जुने छायाचित्र कसे ओळखावे?

वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड अशा गावांतील जुन्या वाड्यांत, वकिलांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरी, शाळा आणि वाचनालयांत जुनी छायाचित्रे असू शकतात. ती हाती आल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात.

प्रथम साधे भिंग घ्यावे. भिंगाखाली नियमित ठिपके दिसले तर ते अंकातून कापलेले छापील चित्र आहे. छटा सलग दिसल्या तर तो मूळ छायाचित्राचा ठसा आहे. मूळ ठसा अर्थातच अधिक मोलाचा.

कागद अतिशय पातळ, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला आणि रंग पिवळसर-तपकिरी असेल तर ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावरचे, बहुधा एकोणिसाव्या शतकातील छायाचित्र असते. करड्या-काळ्या छटांचा, गडद भागावर तिरप्या उजेडात चांदीसारखी चमक दाखविणारा ठसा बहुधा १८९० नंतरचा. सुमारे साडेसहा इंच लांब आणि सव्वाचार इंच रुंद पुठ्ठ्याला ‘कॅबिनेट’ म्हणत. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला किंवा मागे स्टुडिओचे नाव आणि गाव छापलेले असते. काळ आणि ठिकाण ठरविण्यास तो मोठा आधार असतो.

रंगांविषयी विशेष सावध राहावे. त्या काळातील साध्या प्लेटला लाल रंग जाणवत नसे आणि निळा रंग फार जाणवे. त्यामुळे लाल पगडी आणि कपाळावरील लाल गंध छायाचित्रात काळे दिसतात, तर निळे आकाश पांढरे. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या प्लेट १९०६ पासून मिळू लागल्या. पण त्या सर्वत्र वापरात येण्यास बराच काळ गेला. जुन्या छायाचित्रांना संगणकाच्या मदतीने रंग भरण्याची आणि चेहरे ‘स्पष्ट’ करण्याची आज लाट आहे. असे रंग हा अंदाज असतो, आणि नव्याने घडविलेले डोळे-ओठ मूळ माणसाचे असतीलच असे नाही. स्मरणिकेत अशी चित्रे छापताना शेजारी मूळ छायाचित्र द्यावे.

छापील छबीवरून काळ ठरवितानाही घाई करू नये. ब्लॉक वर्षानुवर्षे वापरला जात असल्याने अंकाची तारीख ही छायाचित्राची तारीख नसते. शिवाय छायाचित्रकार निगेटिव्हवर पेन्सिलीने सुरकुत्या पुसत आणि ब्लॉक करणारे मागची माणसे खरवडून काढीत. एकट्या दिसणाऱ्या पुढाऱ्याच्या बाजूला मूळ छायाचित्रात चार सहकारी असण्याची शक्यता असते.

जतन कसे करावे?

यवतमाळचा कडक उन्हाळा आणि दमट पावसाळा दोन्ही छायाचित्रांना घातक आहेत. उष्णतेने पुठ्ठा वाकतो, दमट हवेत बुरशी धरते आणि कसर कागद खाते. छायाचित्रे बाहेरच्या भिंतीवर, थेट उन्हात किंवा लोखंडी पेटीत तळाशी ठेवू नयेत. प्रत्येक छायाचित्र स्वतंत्र, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवावे. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. ओल्या फडक्याने पुसणे, चिकटपट्टी लावणे, लॅमिनेशन करणे आणि काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढणे टाळावे. हात लावताना कडांना धरावे.

स्कॅन करताना किमान ६०० डीपीआय ठेवावे आणि मागची बाजूही स्कॅन करावी; पुष्कळदा मजकूर मागेच असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नावे. घरातील ज्येष्ठांना विचारून छायाचित्रातील व्यक्ती, गाव, प्रसंग आणि अंदाजे वर्ष लिहून घ्यावे. ठशाच्या मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. शाईचे किंवा बॉलपेन वापरू नये. खात्री नसलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह घालावे. चुकीचे नाव एकदा छापले गेले की पुढे तेच खरे मानले जाते.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००८ मध्ये बेन यांच्या संग्रहातील छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली तेव्हा जगभरच्या वाचकांनी अनेक चेहरे, इमारती आणि प्रसंग ओळखून दिले. हेच काम जिल्हा पातळीवर एखादे वाचनालय किंवा महाविद्यालय करू शकते. त्यासाठी मूळ छायाचित्र कुटुंबाकडून काढून घेण्याचीही गरज नाही. स्कॅन केलेली प्रत, नावांची यादी आणि माहिती देणाऱ्याची नोंद एवढे पुरते.

सुरतच्या समूह छायाचित्रातील खापर्डे आणि मुंजे आज ओळखू येतात, कारण कोणीतरी वेळीच त्यांची नावे रांगेनुसार लिहून ठेवली. पुसद आणि यवतमाळच्या सत्याग्रहींना ओळखणाऱ्यांची मुले आणि नातवंडे आता वृद्धापकाळी आहेत. २०३० पर्यंतचा अवधी मोठा नाही.